नऊ चुलींची शेरिने

उमसुनाय अपा कुणाच्याही घरी गेली की आधी चुलीपुढे उकिडवी बसते. घरची मंडळी "या, वर बसा, गादीवर बसा" म्हणत असतात आणि ही चुलीचं लोखंडी दार उघडून आत डोकावत असते, वैद्यानं जीभ बघावी तशी. मग धुराड्यावरून हात फिरवायचा, झडपेची दांडी एकदा आत-बाहेर करून बघायची. एवढं झालं की गुडघ्यांवर हात टेकून उठते आणि तेव्हा कुठे म्हणते, "हं, बरे आहात ना सगळे? पोरं काय म्हणतात?"

एकतीस वर्षं तिनं आमच्या सारी-बेलच्या शाळेचा बॉयलर सांभाळला. नारीन शहराकडच्या डोंगरांतली थंडी ती. जानेवारीत उणे तीसपर्यंत जाते. पोरांना वर्गात टोप्या काढून बसता आलं पाहिजे एवढंच तिचं काम, आणि ते एक दिवसही चुकलं नाही. मी लग्न होऊन ह्या गावात आले, शाळेत रसायनशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा तिच्या नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली होती. एकदा मला म्हणाली, "तू फळ्यावर लिहितेस ना, तो कोळशाचा वायू मी नाकानं ओळखते."

मी म्हटलं, "अपा, त्याला वास नसतो."

"तेच तर. कशाचाच वास येईनासा झाला की मी पळते."

आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. आमच्या कुंपणापलीकडच्या घरात एकटी राहते. एकुलता मुलगा कुबात बिश्केकला बांधकामावर मुकादम आहे. पोरगा चांगला. दर रविवारी आईला (आमच्यात आईही अपाच) फोन करतो आणि ठेवताना दर वेळी विचारतो, "मग अपा, कधी येतेस इकडे?" तिचं उत्तरही ठरलेलं, "ह्या घरातून मी एकदाच निघणार, आणि तेव्हा मला चालावं लागणार नाही."

गेल्या हिवाळ्यात हे उत्तर तिच्या हातून सुटता सुटता राहिलं. तेच सांगायचं आहे. पण त्याआधी जार्लिक अताबद्दल सांगायला हवं.

जार्लिक अता आमच्या गल्लीच्या टोकाला एकटे राहायचे. कोळसा जपून वापरणारे. आमच्याकडे सगळेच एक गोष्ट करतात. रात्रीचं जेवण झालं, चुलीत निखारे फुलले, की धुराड्याची झडप लावून टाकायची. ऊब बाहेर कशाला जाऊ द्यायची? निखाऱ्यांवर निळी जीभ नाचत असेपर्यंत झडप लावायची नाही, हे शाळेतल्या पोरालासुद्धा पाठ असतं आणि घरी गेल्यावर कुणीच पाळत नाही. अतांनी एका रात्री, गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर, जरा लवकर लावली. सकाळी त्यांच्या धुराड्यातून धूर दिसला नाही. आम्हाला वाटलं, मुलीकडे गेले असतील. दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या कुत्र्याचं रडणं ऐकून माझा नवरा कुंपणावरून उडी मारून आत गेला.

माझी दोन्ही मुलं चुलीपासून चार हातांवर झोपतात. त्या आठवड्यात मी आमची झडप तारेनं उघडी बांधून टाकली. सासूबाईंनी ती तार सोडली. मी पुन्हा बांधली. त्यांनी पुन्हा सोडली.

अतांच्या मातीला बायका रडत होत्या तेव्हा उमसुनाय अपा भिंतीला टेकून बोटं मोजत होती. नंतर मला म्हणाली, "आपल्या दोन गल्ल्यांत एकट्या राहणाऱ्या, नाहीतर दिवसभर एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्या किती, ठाऊक आहे? नऊ. तुझी सासू धरून. मी धरून."

त्याच महिन्यात चुली तपासायला एक माणूस गावात आला. हातात कागद, खांद्याला पिशवी. नऊच्या नऊ घरांनी त्याला फाटकातूनच सांगितलं, "आमचं सगळं ठीक आहे हो." तो बिचारा कागदावर 'ठीक' लिहून गेला.

"अगं, त्याला आत घेतील कशाला?" अपा म्हणाली. "तपासणीसाला कुणी आत घेत नाही. पण पाहुण्याला फाटकातून परत पाठवायची कुणाची छाती आहे?"

म्हणून त्या शरदात तिनं शेरिने सुरू केली. हिवाळाभर आळीपाळीनं एकमेकांकडे जमायचं, खायचं, गप्पा मारायच्या, ही काही नवी गोष्ट नव्हे. पुरुषांच्या शेरिने असतात, माझ्या वयाच्या बायकांच्या असतात. ह्या म्हाताऱ्यांनी मात्र आपली कधीच मोडली होती. दात गेले, मांस चावत नाही, जमून करायचं काय? अपा घरोघर हिंडली. दर पंधरा दिवसांनी एक घर, दुपारच्या उजेडात, जेवण साधं. चहा ओतायला मला घेतलं, कारण चहा सुनेनंच ओतायचा असतो आणि नऊ जणींत उपलब्ध सून मी एकटी. म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

पहिलं घर तोक्तोकानचं. ती अपाच्या समोरच राहते, सत्तरीची, तोंडानं तिखट. दूध विकून तीन मुलं वाढवलेली बाई. तिची चूल पाहून अपाचा चेहराच उतरला. धुराड्याला करंगळी जाईल एवढी भेग, झडप गच्च बसणारी. नूडल्स-मटणाची परात मधे आली, जेवणं झाली, आणि अपाला राहवलं नाही.

"तोक्तोकान, तुझी झडप..."

"काय झालं माझ्या झडपेला?"

"फार घट्ट बसते गं. आणि ती भेग..."

तोक्तोकाननं हातातली वाटी खाली ठेवली. "माझ्या घरचं मीठ तोंडात आहे अजून तुझ्या, आणि माझ्या चुलीला नावं ठेवतेस? शाळेचा बॉयलर नव्हे हा, माझं घर आहे!"

पाहुण्यानं यजमानाच्या घरातलं वैगुण्य काढणं आमच्यात शिवी दिल्यासारखं. शेरिने पहिल्याच दिवशी मोडणार असं मला वाटलं. निघायची वेळ झाली, म्हणजे आता सर्वांत वडील बाईनं तळहात वर करून बाता द्यायचा, घराला आशीर्वाद. आमच्यात सर्वांत वडील बात्मा एने, म्हणजे बात्मा आजी. शहाऐंशी वर्षांची, कानानं जवळजवळ ठार. तिचा बाता वर्षानुवर्षं एकच, धान्य भरो, पोरंबाळं वाढोत.

अपा सरकत सरकत बात्मा एनेच्या कानाशी गेली. हळूच सांगायचा बेत असावा. पण त्या कानात हळू काहीच शिरत नाही.

"एने! तिच्या झडपेला भोक पाडायला हवंय! अंगठा जाईल एवढं! बात्यात घाला!"

"काय पाडायला?"

"भोक!"

शेजारच्या गल्लीतल्या कोंबड्यांनीही ऐकलं असेल. बात्मा एनेनं मान डोलावली, तळहात उघडले. आम्ही सगळ्यांनी उघडले. तोक्तोकाननंही उघडले. न उघडून सांगते कुणाला?

"ह्या घरात पीठ सरू नये," एने म्हणाली, "ह्या घरात वासराचं हंबरणं थांबू नये, तोक्तोकानच्या झडपेला अंगठ्याएवढं भोक पडावं, तिच्या धुराड्याची भेग बुजावी, आणि तिनं मला माती देऊन मग स्वतः मरावं. ओमिन."

"ओमिन," सगळ्या म्हणाल्या आणि तोंडावरून हात फिरवले. तोक्तोकाननं दात-ओठ खात फिरवले, पण फिरवले. वडिलांच्या बात्याला ओमिन म्हटलं की ते झालंच पाहिजे, त्यात वाद नाही. दुसऱ्या दिवशी माझा नवरा ड्रिल घेऊन तिच्याकडे गेला. झडप पूर्ण लावली तरी त्या भोकातून वायू वर निघून जातो, एवढी साधी गोष्ट.

तोक्तोकान दारात उभी राहून अपाला ऐकू जाईल अशी ओरडत होती, "भोकातून माझी सगळी ऊब जाणार!"

अपा कुंपणावरून म्हणाली, "ऊब जाईल, तू राहशील."

मग वाटच सापडली. दर पंधरा दिवसांनी एक घर, एक जेवण, एक बाता. कुणाच्या उंबऱ्याजवळची सुटी वायर बात्यात गेली, कुणाच्या गुळगुळीत फरशीवर पसरलेला नमद्याचा गालिचा गेला, कुणाच्या चार रंगांच्या गोळ्या एकाच बाटलीत होत्या त्या गेल्या. आमच्या घरच्या बात्यात एने म्हणाली, "ह्या घरातल्या सासूनं सुनेची तार सोडू नये." ते तिला कुणी सांगितलं हे मला अजून कळलेलं नाही. सासूबाईंनी ओमिन म्हटलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "आण ते ड्रिल. एकदाचं पाड भोक."

एकाच गोष्टीवरून मोठं भांडण झालं, ते खुर्चीवरून. मानाचा माणूस दारापासून सर्वांत लांब, खोलीच्या माथ्याला, गाद्यांच्या उंच थरावर बसतो. बात्मा एने तिथं बसायची आणि उठायच्या वेळी तिला चौघींनी उचलावं लागायचं. एकदा चौघींतली एक घसरली आणि पाचही जणी एकमेकींवर पडल्या. पुढच्या वेळी अपानं दाराजवळ हातांची खुर्ची मांडली.

एनेनं खुर्चीकडे पाहिलं. "ही कुणासाठी?"

"तुमच्यासाठी! उठायला सोपं जाईल!"

"मला दाराशी बसवतेस? मी काय काल आलेली सून आहे, चहा ओतायला?"

"एने, गुडघे..."

"गुडघे माझे आहेत!"

अर्धा तास चहा थंड झाला. शेवटी अपानं गाद्या बाजूला केल्या, खुर्ची उचलून थेट खोलीच्या माथ्याला नेली आणि तिच्यावर शिरदाक अंथरला, लग्नात नवरीला देतात तो नक्षीचा नमदा. एने वर चढून बसली. इकडेतिकडे बघून म्हणाली, "इथून तुम्ही सगळ्या बुटक्या दिसता." त्या दिवसापासून खुर्ची तिच्या पुढे पुढे घरोघर जाते.

आणि एक नियम ठरला. सकाळी नऊच्या आत प्रत्येकीच्या धुराड्यातून धूर निघाला पाहिजे. प्रत्येकीनं एकेका घराकडे बघायचं. धूर नाही दिसला तर 'मुलीकडे गेली असेल' असं म्हणायचं नाही, जाऊन बघायचं. अपाच्या धुराकडे बघायचं काम तोक्तोकानकडे आलं. "रोज सकाळी उठून हिचंच तोंड बघायचं नशिबात होतं," असं तोक्तोकान म्हणायची, पण साडेआठलाच खिडकीत उभी असायची.

जानेवारीच्या अकरा तारखेला उमसुनाय अपा पडली. सगळ्यांच्या पायऱ्यांवर बर्फ झाला की राख टाकायला लावणारी बाई, पण स्वतःची पायरी तशीच. आदल्या दिवसाची राख बादलीत भरून ती दारातून निघाली आणि पहिल्याच पायरीवरून गेली. डावं मनगट मोडलं, कंबरेला मार बसला, उठता येईना. चूल अजून पेटवायची होती. नऊ वाजून दहा मिनिटांनी तोक्तोकान पायात मुलाचे बूट, अंगावर नवऱ्याचा कोट अशी धावत आली. अपा वीस मिनिटं बर्फात पडली होती. तोक्तोकाननं तिला कोटात गुंडाळलं, आम्हाला हाका मारल्या आणि गाडी येईपर्यंत तिच्या उशाशी बसून शिव्या देत राहिली. "आम्हाला राख शिकवते! आम्हाला!"

दुसऱ्या दिवशी कुबात नारीनच्या दवाखान्यात आला. आईचा प्लास्टरमधला हात बघून मोठा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी डबा घेऊन गेले होते.

"अपा, बस झालं," तो म्हणाला. "प्लास्टर निघू दे. नूरुझच्या सणाआधी मी गाडी घेऊन येतो. घराला गिऱ्हाईक बघतो."

"मी सापडले ना रे," अपा म्हणाली. "वीस मिनिटांत सापडले."

"सापडलीस म्हणजे? आधी पडलीस!"

ह्या वेळी तिनं ते ठरलेलं वाक्य म्हटलं नाही. डोळे मिटून पडून राहिली, आणि मी तिला पहिल्यांदा म्हातारी झालेली पाहिलं. घरी येताना मला सारखं वाटत होतं, की त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं? हेच केलं असतं. आणि तरी ती गेली तर आमच्या आठ चुलींचं काय, हाही विचार येत होता. माझ्या पोरांच्या चुलीचंसुद्धा.

हात मोडल्यामुळे तिच्या घरची पाळी सगळ्यांत शेवटी गेली, मार्चच्या सतरा तारखेला. कुबातनं नेमका तोच दिवस गाठला. सकाळीच मोठी गाडी फाटकाशी लागली. ड्रायव्हर गाद्या कुठून उचलायच्या विचारत होता आणि दुपारी आठ म्हाताऱ्या एकापाठोपाठ एक आत शिरल्या. पुढे खुर्ची, मागे बात्मा एने.

आणि त्या सगळ्या एकीपाठोपाठ एक चुलीपुढे उकिडव्या बसल्या. अपाच्या चुलीपुढे! कुणी दार उघडून बघतेय, कुणी झडप ओढतेय. माझ्या सासूबाईंनी लांबूनच अंगठा धरून भोकाचं माप घेतलं.

"ठीक आहे," तोक्तोकान म्हणाली. "पण पायरीला कठडा नाही. राखेची बादली दाराच्या वाटेत. मोठी खोली कुलूपबंद ठेवून ही इथं ह्या डबीत झोपते, कोळसा वाचवायला. शाळेला टनानं जाळायची, स्वतःला मूठभर!"

अपा लाल झाली. "पाहुण्या आहात ना तुम्ही?"

"आम्ही तुझ्याकडूनच शिकलो," सासूबाई म्हणाल्या.

कुबात दारात उभा राहून बघत होता. जेवण होईपर्यंत थांबला. मग आत आला आणि त्यानं जे केलं त्यानं सगळ्यांचे हात थबकले. शहरातून आणलेला नवा लोकरी रुमाल त्यानं बात्मा एनेच्या डोक्यावर घातला, तिच्यापुढे गुडघे टेकले आणि मोठ्यानं म्हणाला,

"एने, आई माझ्याबरोबर निघाली आहे. तिच्या वाटेसाठी बाता द्या."

मूर्ख नव्हता तो. ह्याच गावात वाढलेला. वाटेचा बाता मागितला की नाही म्हणता येत नाही, आणि दिला की जाणाऱ्याला जावंच लागतं. हिवाळाभर ज्या दोरीनं अपानं आम्हाला सगळ्यांना बांधलं, तीच दोरी तिच्या गळ्यात पडत होती. आपलेच दात, आपलेच ओठ. चहाची किटली माझ्या हातात तशीच राहिली. अपा उजव्या हातानं डावं मनगट धरून बसली होती, खाली बघत.

तोक्तोकान एनेच्या कानाशी ओरडली, "एने! हा म्हणतोय..."

"ऐकलं मी. बहिरी आहे, मेले नाही अजून." एनेनं रुमाल नीट केला. "छान आहे रुमाल. तर कुबात, वाटेचा बाता मागतोस. मग वाट कुठं जाते ते सांगावं लागेल. कितवा मजला?"

"चौथा, एने," तो तिच्या कानाशी सरकून ओरडला.

"चूल?"

"चूल नाही. नळातून ऊब येते. दिवसरात्र. लाकूड नको, कोळसा नको, राख नको."

"वा. म्हणजे धूर नाही."

"धूर कशाला हवा?"

"सकाळी ही उठली की नाही हे कुणाला कळणार?"

"मी आहे ना. बायको आहे."

"कामाला किती वाजता जाता?"

"आठ." तो थांबला. "साडेसात."

"परत?"

"सातपर्यंत. कधी आठ."

एनेनं बोटं मोजली. खूप वेळ मोजली. "बारा तास," ती म्हणाली. "बरं, समोरच्या दारात कोण राहतं?"

"एक बाई आहे."

"नाव?"

"कधी विचारलं नाही."

"किती वर्षं झाली तिथं राहायला?"

"सहा," तो म्हणाला, आणि त्याच्या कानांचे शेंडे तांबडे झाले.

"इथं ती वीस मिनिटं पडून होती," एने म्हणाली. "तिथं बारा तास पडेल. फरशी मात्र गरम असेल, ते खरं."

कुबात गुडघ्यांवरच बसून होता. मग अपाच बोलली, हळू. "त्याला दोष देऊ नका. तो घाबरलाय. मीसुद्धा घाबरले होते, बर्फात पडले तेव्हा." तिनं मुलाकडे पाहिलं. "पण पोरा, मी वाट बघत होते. तोक्तोकान येणार हे मला माहीत होतं. नऊ कधी वाजतात एवढंच बघत होते."

"बाता मागितलास, तर मिळणार," बात्मा एने म्हणाली आणि तळहात उघडले. "हात उघड."

त्यानं उघडले. आम्ही सगळ्यांनी उघडले.

"ज्याला वाट आहे त्याची वाट सुखाची होवो. कुबातची गाडी रस्त्यात बंद न पडो. सप्टेंबरात हीच वाट त्याला परत इथं आणो, सिमेंट आणि लोखंडी कठडा घेऊन. त्यानं आईची मोठी खोली उघडावी, तिथं दोन टन कोळशाची सोय करावी. रोज संध्याकाळी त्यानं फोन करावा, नुसता रविवारी नाही. आणि उमसुनायच्या धुराड्यातून ती असेपर्यंत धूर निघावा. ओमिन."

कुबात म्हणाला, "ओमिन." आणि तोंडावरून हात फिरवताना हात तोंडावरच ठेवून बसला.

तोक्तोकान उठून ड्रायव्हरला ओरडली, "अरे ए, गाद्या खाली ठेव!"

पण मुकादम माणूस. नुसत्या बात्यावर भिंत उभी राहते असं मानणारा नव्हे. तो तीन दिवस राहिला. पायरीची मापं घेतली, धुराडं वर चढून पाहिलं. तिसऱ्या सकाळी आईला म्हणाला, "आज चूल पेटवू नकोस."

"का रे?"

"बघायचंय मला."

दोघं कोट घालून थंड खोलीत बसून राहिले. घड्याळ समोर. हे त्यानंच मला नंतर सांगितलं. नऊ वाजले, बाहेर शांत. नऊ वाजून दोन मिनिटं झाली. अपा म्हणते, त्या दोन मिनिटांत तिचं सगळं घर तिच्या डोळ्यांसमोर विकलं गेलं. तिसऱ्या मिनिटाला फाटक धाडकन उघडलं. तोक्तोकान हातात फावडं घेऊन आली, दार उघडायची वाट न बघता खिडकीवरच फावडं उगारलं आणि आत दोघं बसलेली दिसली.

"जिवंत आहात?" ती किंचाळली. "मग धूर कुठाय?"

"मावशी, मी बघत होतो..." कुबात दार उघडत म्हणाला.

"काय बघत होतास? मी मरते का ते? ह्या वयात मला पळवतोस?"

एवढ्यात आमच्या सासूबाई आल्या, टोपीशिवाय. मागून मी, पिठाच्या हातांनी. मग पलीकडच्या गल्लीतून काठी टेकत राकिया अपा, ऐंशीची, तिला तर कुणी बोलावलंही नव्हतं, तिनं तोक्तोकानला पळताना पाहिलं होतं. नऊ वाजून अकरा मिनिटांपर्यंत अंगणात चार बायका होत्या आणि चारही जणी मिळून एका पन्नाशीच्या मुकादमाला झापत होत्या. शेवटी बात्मा एनेचा नातू निरोप घेऊन आला, "आजी विचारतेय, कोण मेलं, आणि नसेल मेलं तर का नाही?"

कुबात आधी कान पकडून उभा होता. मग हसायला लागला. हसता हसता पायरीवर खाली बसला. आईकडे बघून म्हणाला, "माझ्या साइटवर दोनशे माणसं आहेत, अपा. एक मेला तर दुपारच्या जेवणापर्यंत कुणाला कळायचं नाही."

"मग जा आणि त्यांना शेरिने शिकव," अपा म्हणाली. "आधी चूल पेटव. गारठले मी."

त्या दुपारी गाडी रिकामीच परत गेली. रिकामी म्हणजे, आठ घरांतून आठ पिशव्या आल्या, बटाटे, लोणी, वाळवलेलं मांस, तळलेल्या बोर्सोकचा डबा. ड्रायव्हर म्हणाला, म्हातारी नेण्यापेक्षा ह्याचंच वजन जास्त आहे.

कुबात सप्टेंबरात आला. सिमेंट घेऊन, कठडा घेऊन, बायकोला घेऊन. तीन दिवस आपल्या हातानं पायरी बांधली. नऊ जणी ओळीनं तिच्यावरून वर-खाली गेल्या. तोक्तोकान म्हणाली, दुसरी पायरी बोटभर उंच आहे. त्यानं फोडून पुन्हा केली.

आणि ह्या हिवाळ्यात गावात एकच शेरिने नाही. वरच्या गल्लीनं सुरू केली, नदीकाठच्यांनी केली, म्हाताऱ्या पुरुषांनीही केली, ते म्हणतात आमची आधीपासूनच होती, फक्त चुलीकडे लक्ष नव्हतं. तिन्ही ठिकाणी उमसुनाय अपाला बोलावतात, आणि माझ्या नवऱ्याला ड्रिलसकट. आज मार्चची चार तारीख. ह्या हिवाळ्यात सारी-बेलमध्ये चुलीनं एकही माणूस नेलेला नाही.

काल ती नदीकाठच्यांची परात संपवून आली, आमच्या दारात चौकटीला धरून उभी राहिली, पोटावर हात ठेवून.

"अगं सुनबाई," मला म्हणाली, "वायूनं मी मरत नाही आता. पण ह्या चार शेरिने मिळून मला जेवण घालून मारणार. सोडा आहे का घरात?"